स्मार्ट टीव्ही अन ओटीटी, दिवाळी ते मृग : काय चाललं, काय डोक्यात गेलं

दिवाळीच्या टायमाला कापसाचे पहिले पैसे हातात आले अन घरात 43 इंची टीव्ही आला, पोट्ट्यानं त्याच्यावर तीन-चार ॲपही चढवून दिले. आता मृग तोंडावर आहे, पेरणी लागली की टीव्हीकडं पाहायला कोणाला फुरसत, म्हणून म्हटलं आत्ताच लिहून टाकू. गाव राळेगावकडचं, यवतमाळ जिल्हा. पानठेल्यावर बसलो की दोघं-तिघं विचारतातच की भाऊ घेऊ का, कोणतं ॲप घेऊ, अन प्रत्येकाला तेच ते सांगून तोंड दुखून राहिलं.

टीव्हीबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. चित्र चांगलं आहे, आवाज पातळ आहे, व्होल्टेज वरखाली होतं म्हणून स्टॅबिलायझर लावावाच लागतो, तो खर्च दुकानदार सांगत नाही. सुरुवातीला मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पाहायचो, रोजचा दोन जीबीचा पॅक, एचडी लावलं की अर्ध्या पिक्चरमधीच खलास. मग केबलवाल्याचं फायबर घेतलं. ते चालते तेव्हा मस्त चालते.

आता मुद्द्यावर येतो. एवढे महिने पाहून माझं एकच मत झालं, ज्यानं गाव डोळ्यानं पाहिलं त्याचं काम दोन मिनिटात ओळखू येते अन ज्यानं नाही पाहिलं त्याचंही दोन मिनिटातच ओळखू येते. पैसा किती लावला, हिरो कोण, याचा काही संबंध नाही.

एक हिंदी सिरीज लावली होती, नाव घेत नाही, विदर्भातल्या शेतकऱ्यावर आहे म्हणून मोठ्या हौसेनं सगळे बसलो. पहिल्याच भागात हिरोईन वावरात कापूस वेचते. वेचते म्हणजे काय, अख्खं बोंड खुडते अन टोपलीत टाकते, गुलाबाची फुलं तोडल्यासारखी. माझी आई जिंदगीभर वेचणीला गेलेली बाई, ती म्हणे, "अवं मायबाई, हे तं बोंडच तोडून रायली! हिले कोनं लावलं कामाले?" झालं, त्याच्यानंतर त्या सिरीजमधल्या एकाही रडण्यावर आमच्या घरात कोणी रडलं नाही. बोंड पऱ्हाटीलाच राहते हो. उमललेल्या पाकळ्यांच्या मधातून कापूस बोटांनी ओढून काढावा लागतो, त्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, नखाजवळची कातडी फाटून फाटून बायांच्या बोटांना सिझनभर चिंध्या बांधलेल्या दिसतात. कमरेला ओटी बांधलेली, ती भरली की धुऱ्यावर जाऊन गाठोड्यात रिकामी करायची. हे सगळं कोणत्याही वावरात अर्धा तास उभं राहिलं तरी दिसते, पण कोणी उभंच राहिलं नसंल तर काय.

अन दुसरी गोष्ट, भेगा पडलेली जमीन. विदर्भ म्हटलं की पहिला शॉट तोच, ड्रोन वरून फिरते, खाली भेगा, मधात म्हातारा आभाळाकडं पाहून राहिला, सारंगी वाजून राहिली. अरे बापा, ही काळी माती आहे, वाळली की आकसते, भेगा दर उन्हाळ्यात पडतात, चांगलं पिकलं त्या वर्षीही पडतात. आमच्याकडं नुकसान कित्येकदा उलट पाण्यानं होते, सोयाबीन काढणीला आलं अन आठ दिवस पाऊस लागला की शेंगांना जाग्यावर कोंब फुटतात, बोंड सडते. ते कोणी दाखवत नाही कारण हिरव्यागार वावरात उभा असलेला कर्जबाजारी माणूस फोटोत दुःखी दिसत नाही.

याच्या उलट 2009 चा सतीश मनवरांचा गाभ्रीचा पाऊस. तेव्हा थेटरात आमच्याकडं कुठं लागला असंल तर मला ठाऊक नाही, मी आता पाहिला. गिरीश कुलकर्णी अन सोनाली कुलकर्णी. गोष्ट एवढीच की शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला, आता आपल्या नवऱ्याच्याही डोक्यात तेच आहे असं बायकोला वाटते, मग ती पोराला बापाच्या मागं मागं पाठवते, सासूला नजर ठेवायला लावते, त्याच्या आवडीचं रांधते, अन त्या बिचाऱ्याला समजतच नाही की घरचे असे काऊन वागून राहिले. आम्ही हसलो भाऊ, खरंच हसलो, अन हसता हसता घरची एकदम उठून चुलीकडं गेली, कारण आमच्या गल्लीतही असं घर आहे जिथं दोरी दिसली की बाई लपवून ठेवते. भाषा आमचीच आहे, कुठंही ओढूनताणून आणलेली नाही. ज्यांना विदर्भावर सिरीज काढायची त्यांनी आधी हा पिक्चर पाहावा, मग कॅमेरा उचलावा.

भाषेवरून आठवलं. चला हवा येऊ द्यामध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलायचे, ते अमरावतीकडचे, त्यांच्या तोंडी ते शोभायचं अन आम्हालाही बरं वाटायचं की चला आपली बोली मुंबईपर्यंत गेली. पण झालं काय की आता प्रत्येक मराठी सिरीजमध्ये एक वऱ्हाडी माणूस पाहिजेच, तो वॉचमन असते नाहीतर हवालदार, दर वाक्याला "बे" लावते अन बेवकूफ असते. हिरो कधी वऱ्हाडी बोलत नाही. हिरो गावचा असला तरी तो सातारा-कोल्हापूरकडचंच बोलते, जसं काही महाराष्ट्रात गाव म्हणजे तेवढंच. ही तक्रार नुसती माझी नाही, पोट्टेही म्हणतात.

पंचायत आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा लागलेली सिरीज. 2020 मध्ये आली होती, आम्ही उशिरा पाहिली. फुलेरा गाव उत्तर प्रदेशातलं दाखवलं आहे, शूटिंग मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालं, पण ग्रामपंचायतीची ती खोली, ते कपाट, ती लोखंडी खुर्ची, आमचीच वाटते. प्रधान मंजू देवी अन कारभार पाहते तिचा नवरा. आमच्या इकडं याला सरपंचपती म्हणतात, महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायांना राखीव आहेत पण सही कुठं करायची हे नवराच बोटानं दाखवते अशी गावं मी पाहिली आहेत. पहिल्या सिझनच्या शेवटी मंजू देवी राष्ट्रगीत पाठ करते अन 26 जानेवारीला झेंड्याजवळ उभी राहून म्हणते, तेव्हा माझी चुलत वहिनी बाजूला बसली होती, ती मागच्या टर्मची सरपंच. सगळे हसून राहिले होते, ती काही हसली नाही. म्हणे, "माह्यावाल्या टायमाले भाषण भाऊजींनीच केलं होतं, मले माईक नाही देला." मग तिनं तो भाग परत लावायला सांगितला.

पण पुढचं पुढचं तसं राहिलं नाही हेही सांगतो. दुसऱ्या सिझनचा शेवट अंगावर येते, प्रल्हादचं काम करणाऱ्या फैसल मलिकला मानलं. तिसऱ्यापासून मात्र गाव कमी अन पार्टीबाजी जास्त होत गेली, चौथा, 2025 चा, तर जवळपास पूर्ण इलेक्शनच आहे, अन गावच्या इलेक्शनचा वैताग आम्हाला घरबसल्या फुकट भेटते, त्याच्यासाठी पॅक कशाला मारायचा. चाकाची खुर्ची, सोलरचा खांब, अशा टुचुक गोष्टीवर अर्धा तास खेचायची जी कला पहिल्या सिझनमध्ये होती ती गेली. तरी एकदा पाहाच.

आता शेरनी. 2021, विद्या बालन, डायरेक्टर अमित मसुरकर. यावर पानठेल्यावर भांडणं झाली आहेत. अर्धे म्हणतात बोअर आहे, वाघ दिसतच नाही. पिक्चर मध्य प्रदेशातला दाखवला आहे, वाघिणीचं नाव टी12, पण आमच्या भागातल्या कोणालाही विचारा, सगळ्यांना ती टी1च वाटते, अवनी म्हणून जी देशभर गाजली. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात 13 माणसं मारल्याचं तिच्यावर होतं, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. त्या दिवसात आम्ही काय जगलो ते आम्हाला माहीत. दिवस मावळायच्या आधी वावर खाली, एकटं कोणी जाणार नाही, गेलं तर चार जण मिळून, डबा वाजवत, मोठ्यानं बोलत. वेचणीचे दिवस अन मजूर मिळेना. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना बाहेरचे लोक टीव्हीवर वाघ वाचवा म्हणताना दिसायचे, अन ज्यांनी वाघ मारा म्हटलं त्यांच्यातल्या काही जणांना फक्त जमाव पाहिजे होता. दोन्ही आम्ही पाहिलं.

शेरनीत हे बरोबर आलं आहे, म्हणून मला पिक्चर आवडला. वाघ दिसत नाही कारण तेव्हाही दिसत नव्हता, दिसायचे फक्त पंजे. फॉरेस्टचे गार्ड पायी फिरून राहिले, कॅमेरे झाडाला बांधून राहिले, इकडं नेता सभा घेऊन राहिला, गुरं चारायला जागाच नाही उरली म्हणून बाया जंगलात शिरून राहिल्या, हे सगळं असंच असते. उलट मला वाटते त्यांनी हात आखडताच घेतला. खऱ्या मोहिमेत हत्ती आणले होते, त्यातला एक सुटून गेला अन त्यानं एका बाईला मारलं, इटालियन जातीची कुत्री आणली, पॅराग्लायडर उडवले, वाघीण वासाला येईल म्हणून परदेशी परफ्युम शिंपडला. पिक्चरमध्ये टाकलं असतं तर लोक म्हणले असते काय फेकून राहिले बे. शेवट मात्र एकदम झाला, अजून दहा मिनिटं पाहिजे होती.

झुंड पाहून झाला तेव्हा पोट्टे जागेवरच नव्हते, बाहेर अंगणात बॉल खेळायला गेले होते, यापेक्षा मोठी पावती काय. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या स्लम सॉकरवरून, म्हणजे झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलवरून, नागराज मंजुळेंनी 2022 ला काढला. सगळे म्हणतात अमिताभ, मी म्हणतो अंकुश गेडाम अन ती बाकीची पोरं, त्यांच्या तोंडची नागपुरी ऐकून असं वाटते की इतवारीत उभे आहोत. जवळपास तीन तासांचा आहे अन मधात ढिला पडतो, ते खरं आहे. पण रिंकू राजगुरूच्या पासपोर्टसाठी बापलेक कागद गोळा करत दारोदार फिरतात तो तुकडा आमच्या इकडच्या आदिवासी माणसानं पाहिला तर त्याला वाटंल याची स्टोरी कोणी माझ्याच घरी येऊन लिहिली. कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे त्यांच्या वस्तीवरचा, एक गडी आमच्याकडं कामाला येते, तो त्या जागेवर काही न बोलता मान हलवून राहिला होता, जातीच्या दाखल्यासाठी त्यानंही तहसीलच्या चकरा मारल्या आहेत.

कोर्ट हा पिक्चर एकट्यानं पाहा. घरच्यांसोबत लावला अन वीस मिनिटात खाटा रिकाम्या. संथ आहे, कॅमेरा हलत नाही, पण लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, चळवळीतला माणूस, त्यांचा चेहरा डोक्यातून जात नाही. ते 2021 मध्ये कोरोनानं गेले.

बारावी फेल सगळ्यांना आवडला, मलाही, त्यावर एवढं लिहिलं गेलं आहे की मी काही जोडत नाही. फक्त आमच्या गावात त्याच्यानंतर दोन पोरं पुण्याला एमपीएससीच्या क्लासला गेली अन बापानं वावर ठोक्यानं दिलं, हेही खरं.

फालतू काय निघालं तर मोठ्या बजेटच्या त्या मारधाडीच्या हिंदी सिरीज. गोष्ट दोन तासांची अन भाग आठ. प्रत्येक भागाला एक शिवी अन एक असा सीन की रिमोट शोधेपर्यंत बापलेक छताकडं पाहतात. आठव्या भागाच्या शेवटी कळते की खरा खुनी पुढच्या सिझनमध्ये आहे. साऊथचे पिक्चर चांगले आहेत पण हिंदी डबिंग ऐकून अर्धी मजा जाते, अन मराठी डबिंग फारच थोड्यांना आहे. माझ्या आईला हिंदी पूर्ण समजत नाही, तिनं काय पाहावं?

ती पाहते सीरियल. त्यावर मी काय लिहू. झोपेतून उठलेल्या बाईच्या नाकात नथ असते, अन एक चिठ्ठी वाचायला तीन दिवस लागतात. पण गावातल्या सगळ्या बुढ्या तेच पाहतात अन दुसऱ्या दिवशी नळावर त्याच्यावरच बोलतात, तर त्याचाही काही उपयोग असंलच.

एक गोष्ट स्क्रीनवर अजिबात जमली नाही, झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भाकडचं, नाटक. बहीण दिली वडसाकडं, तिकडं दिवाळी झाली की मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, नाटकांचा सिझन लागते, रात्री सुरू होते ते सकाळपर्यंत. यूट्यूबवर रेकॉर्डिंग पाहिलं तर एकाच जागी मोबाईल ठेवलेला, आवाज घुमते, लोकं मुंग्याएवढे. तिकडं हजार माणसांत बसून जे गाणं वन्स मोअर होते ते इथं पुढं ढकलावं वाटते. ते पाहायचं तर तिकडंच जा.

पैशाचं सांगतो. वर्षाचं पॅक घेऊ नका. एका ॲपनं ऑटो-पे आपोआप चालू ठेवलं, बंद केल्यावरही एकदा पैसे कापले, कस्टमर केअरवर मशीन बोलते, माणूस लागत नाही. पैसे देऊनही मधात जाहिराती येतात त्या वेगळ्याच. महिन्याचं घ्या, यादी करून ठेवा, पाहून झालं की बंद करा, दुसरं घ्या. आमचं जूनपासून सगळं बंद आहे, पाऊस लागला की फायबरचा खांब कुठं ना कुठं पडतेच, तेव्हा तुंबाड अन अजून दोन-तीन मोबाईलमध्ये डाऊनलोड करून ठेवले. फक्त आईच्या सीरियलवालं ॲप चालू आहे, ते बंद करतो म्हटलं तर ती म्हणे, "मंग तूच सांगजो रोज रात्री मले पुढं काय झालं ते."