ठाण्याच्या बाजारातली शाडूची गणेशमूर्ती: काय घ्यावं, काय सोडून द्यावं

जांभळी नाका, नौपाडा, घोडबंदर रोड, कुठल्याही मांडवात जा. गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो पुढे करून सांगतं, "अस्साच हवा, पण शाडूचा." मूर्तीत पुढे जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका वाक्यापासून सुरू होतं. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. पाटावर मांडी घालून बसलेली, हात अंगाला धरून असलेली आठ ते बारा इंचांची शाडूच्या मातीची गणेशमूर्ती ठाण्यात उत्तम मिळते आणि ती तपासून खुशाल घ्यावी. त्याच मांडवात एखाद्या प्रसिद्ध मंडळाच्या राजाची शाडूतली नक्कल ठेवलेली असेल, तर ती घेऊ नये.

तो फोटो आला कुठून? घरचा गणपती मूळचा पार्थिव, म्हणजे मातीचा. प्राणप्रतिष्ठा, पूजा, उत्तरपूजा आणि मग जिथून आला तिथे परत, एवढाच त्याचा मुक्काम. मूर्ती लहान आणि विरघळणारी असावी, हे त्या विधीतच आहे. 1893 पासून लोकमान्यांमुळे उत्सव चौकात आला. चौकातली मूर्ती लांबून दिसायला हवी, म्हणून ती मोठी झाली. तोवर दोन्हींचे रस्ते वेगळे होते. टीव्हीवर मंडळांचं थेट दर्शन सुरू झालं, मालिकांमधला गोंडस बाळगणेश आला, आता रील्स आहेत, आणि चौकातली मूर्ती थेट दिवाणखान्यात शिरली. ज्या वर्षी जो सिनेमा गाजतो, त्याच्या नायकाच्या रुबाबातला गणपतीही मांडवात दिसायला लागतो. रेललेलं सिंहासन, पुढे आलेला आशीर्वादाचा हात, पातळ प्रभावळ, कोरीव दागिने, हे सगळं प्लास्टरला जमतं. हे प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे पीओपी, अर्ध्या तासात साच्यात घट्ट होतं, हलकं असतं आणि घट्ट होताना आक्रसत नाही, उलट किंचित फुगतं. त्यामुळे साच्यातली बारीक रेघही उठते. आपला डोळा प्लास्टरवर तयार झालाय आणि मागणी मात्र मातीकडे करतोय.

मातीचा स्वभाव वेगळा. शाडू मळून साच्यात हाताने दाबतात, दोन भाग जोडतात, हात आणि सोंड मागून लावतात, मग सावलीत सुकवतात. पाणी उडतं तशी माती आक्रसते. मनगट, कानाची पाळी, सोंडेचं टोक आधी सुकतं. पोट आणि बैठक जाड असल्याने ती कित्येक दिवस ओली राहतात. पातळ भाग जाड भागाला जिथे चिकटतो, नेमकी तिथेच भेग जाते. श्रावणातल्या दमट हवेत आतला ओलावा बाहेर पडत नाही, आणि घाईने पंख्याखाली किंवा दिव्याखाली ठेवलं तर वरचा थर आवळून आणखी फाटतो. म्हणूनच फोटोतला पुढे काढलेला हात शाडूत नेताना आत तार घालावी लागते. तार आक्रसत नाही, माती आक्रसते, म्हणजे भेग ठरलेलीच. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. जुलैचा मुसळधार संपल्यावर सुकायला चांगला अवधी मिळेल, त्याचा फायदा घ्या आणि जूनमध्येच सांगून ठेवा. आयत्या वेळी घेतलेली मूर्ती बऱ्याचदा आतून ओली असते.

मांडवात मूर्ती उलटी करायला सांगा. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. तळाला रंग नसतो. शाडू करडा-मातकट दिसतो, प्लास्टर पांढरं. तळावर पाण्याचा थेंब टाकून बोट घासा. शाडूचा लगेच चिखल होऊन बोटाला बुळबुळीत लागतो, प्लास्टर पाणी पितं पण चिखल होत नाही. चिखल होतोय तरी बोटाखाली पांढरी खर येत असेल, तर माल मिश्र आहे. तळ गार आणि दमट लागला तर मूर्ती सुकलेली नाही, आठवड्याभरात रंगाला पोपडे येतील. मग मोबाइलचा दिवा तिरपा धरून मनगट, मान आणि सोंडेचा जोड बघा. भेग बुजवून वर रंग मारला असेल, तर तिरप्या उजेडात ती रेघ उठून दिसते.

रंगाबद्दल बाजारात सगळ्यात कमी विचारलं जातं आणि खरी गोम तिथेच आहे. शाडूवर चकचकीत ऑइलपेंट किंवा दाट सोनेरी थर चढवला की पाणी आत जायचा रस्ताच बंद होतो. जलरंगच मागा. त्याची झळाळी कमी असते, ते मान्य करूनच घ्या. खड्यांचे चिकटवलेले दागिने टाळा, कारण विसर्जनाआधी ते ओढून काढावे लागतात आणि सोबत मातीचा तुकडा निघतो. फेटा-धोतराची हौस असेल तर कापड घरी नेसवा.

डोळ्यांची आखणी मात्र निवांतपणे बघा. अंगाचा रंग हल्ली स्प्रे गनने मारतात, डोळे अजून हातानेच काढतात. बारीक कुंचल्याने वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, हात थांबला की तिथे जाड ठिपका उरतो. शेवटच्या पंधरवड्यात घाईने केलेल्या मूर्तींत असे ठिपके आणि एकमेकांना न जुळणारी बुबुळं सर्रास सापडतात. घरच्या चौरंगाएवढ्या उंचीवर मूर्ती ठेवून खाली बसून बघा. नजर आपल्यावर येते की डोक्यावरून जाते, ते तिथेच कळतं. पेणहून, हमरापूर-जोहे भागातून आलेल्या साध्या मूर्तींमध्ये हे काम अनेकदा इतकं सुरेख असतं की बाकी झगमगाटाची गरजच उरत नाही.

सोंड उजवीकडे असेल तर घरात कडक सोवळं लागतं, नाहीतर कोप होतो, असे व्हिडिओ दर वर्षी फिरतात आणि ती मूर्ती मागे पडते. घरात तशी परंपरा असेल तर ती पाळावी. व्हिडिओने घातलेल्या भीतीपायी सुबक मूर्ती नाकारू नये.

त्याच उंचीच्या प्लास्टरपेक्षा शाडू महाग पडतो आणि जडही असतो. माती बहुतांश गुजरातमधून येते, सुकवण्याला दिवस जातात, तडकलेला माल कारखानदाराच्या अंगावर पडतो. किंमत त्याची आहे, घासाघीस बेताने करा. रिक्षातून नेताना मूर्ती पाटासकट मांडीवर घ्या, हाताला किंवा सोंडेला धरू नका. अभिषेक सुपारीवर करा आणि मूर्तीवर दूर्वेने नुसतं प्रोक्षण. ओले हार मानेवर दिवसभर राहू देऊ नका, तिथली माती भिजून मऊ पडते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये पीओपीला मनाई केली होती, 2025 च्या जूनमध्ये ती मूर्ती बनवण्यापुरती उठली. 2025 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. ठाण्यात मासुंदा, उपवन, रायलादेवी इथे महापालिका असे तलाव करते आणि ही सोय खरोखर चांगली आहे. पीओपीचं पाण्यात जिप्सम होतं आणि ते लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे पाच किलोच्या मूर्तीला दोन हजार लिटर पाणी, तेही रंगाचा अडथळा नसेल तर. घरात पीओपीच आलेली असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवल्याप्रमाणे मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून त्यात दोन-तीन दिवस ठेवा. वास उग्र येतो, म्हणून भांडं गच्चीत किंवा उघड्यावर असावं.

शाडूला बादली पुरते. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, निर्माल्य आधी वेगळं काढा, रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पाणी ओतून टाका. खाली उरलेला गाळ ताटात पसरून सुकवला की तीच माती पुढच्या वर्षी मुलांना मूर्ती करायला चालते. कुंडीत टाकायची असेल तर थोडीच टाका आणि शेणखत मिसळा. नुसता शाडू घट्ट बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही.