15 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड: नागपूरहून कोकणच्या खाडीत न्यायला कसं आहे?

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायचं इंजिन. चांगलं आहे, घ्या. अट एकच, घरी ते धुवायला 200 लिटरचं निळं पिंप ठेवायला जागा हवी आणि ते वापरायची शिस्त हवी. हे इंजिन खाडीत क्वचित दगा देतं. त्याचं नुकसान होतं ते मार्च ते ऑक्टोबर ते नागपुरात पडून असतं तेव्हा. म्हणून या परीक्षणात समुद्राइतकीच जागा घरच्या गॅरेजला दिली आहे.

इंजिन म्हणजे दोन सिलेंडर, सुमारे 246 सीसी, एक कार्बोरेटर, हातानं ओढायची दोरी आणि वेगळी 24 लिटरची टाकी. वजन शाफ्टच्या (खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) लांबीप्रमाणे 36 ते 38 किलो, म्हणजे दोघं जण गाडीतून काढून पुळणीवरून बोटीपर्यंत सहज नेतात. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक 45 ते 50 किलो भरतं. ते आवाजाला शांत असतं, पेट्रोलही कमी पितं, धूर जवळजवळ नसतो. अमेरिका-युरोपात धुराच्या नियमांमुळे असली कार्बोरेटरी टू-स्ट्रोक नवी विकली जात नाहीत, आणि धुराची तक्रार खरी आहे. तरीही कोकणासाठी आमचं मत टू-स्ट्रोकला, कारण ते बिघडलं तर प्लगचा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड एवढ्यावर किनाऱ्यावरच उघडता येतं. हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा, मालवण या बंदरांत 'ओबीएम' (आउटबोर्ड मोटर) म्हटलं की काय ते लोकांना कळतं, आणि सुटे भागही बहुधा तिथंच सापडतात.

घेताना शाफ्ट आधी मोजा. बोटीची मागची फळी 15 इंच उंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 इंच असेल तर लाँग. इंजिन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली एक इंचापर्यंत आली पाहिजे. दोन इंच वर राहिली तर लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. फार खाली गेली तर पेट्रोल वाया जातं. पंख्याची पिच (एका फेरीत पंखा किती इंच पुढे सरकेल ते माप) बोटीच्या भाराप्रमाणे घ्या. पंधरा फुटी फायबर बोटीत दोघं आणि सामान असेल तर बोट पाण्यावर उचलते. चौघं बसले की नाळ (पुढचं टोक) वर आणि मागची बाजू पाण्यात, अशी रखडते. अशा वेळी एक-दोन इंच कमी पिचचा पंखा लावा. पूर्ण थ्रॉटलला इंजिन 4500 ते 5500 आरपीएममध्ये पोचलं पाहिजे. तिथवर जात नसेल तर पिच जास्त आहे.

पेट्रोल-ऑइलचं प्रमाण नव्या इंजिनाला पहिले दहा तास 25:1, नंतर 50:1. म्हणजे 24 लिटरच्या टाकीला 480 मिली. ऑइलच्या डब्यावर 'टीसी-डब्ल्यू 3' लिहिलेलं हवं. नागपूरच्या पेट्रोल पंपावर स्कूटरचं 2टी ऑइल हाताशी मिळतं म्हणून लोक तेच घालतात. ते हवेनं थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, त्यात राख उरते. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांत बसते. दोन सीझनमध्ये रिंगा चिकटतात आणि दोरी ओढताना दाब हलका लागतो.

खर्चाचा अंदाज दाभोळ खाडीवरून घ्या. वाशिष्ठीचा हा 45 किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28 आहे. पाऊण थ्रॉटलला ताशी 15 किलोमीटर धरले तर एका बाजूला तीन तास, तासाला पाच लिटर, म्हणजे 15 लिटर. जाऊन-येऊन 30. वर परतीच्या प्रवासाइतकंच राखीव ठेवा, म्हणजे 45. थोडक्यात 24 लिटरच्या दोन टाक्या लागतात, एकीत भागत नाही. पूर्ण थ्रॉटल दाबून ठेवाल तर तासाला साडेसहा-सात लिटर जातील. पेट्रोल नागपूरहून भरून नेऊ नका. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर बंद गाडीत भरलेली टाकी तापत नेणं धोक्याचं आहे. टाक्या रिकाम्या न्या आणि मिश्रण चिपळूण-गुहागरला करा. इंजिन आडवं ठेवलं असेल तर वरचं हेड पंख्याच्या बाजूपेक्षा चार बोटं तरी उंच हवं. नाहीतर खालच्या भागात उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलेंडरमध्ये उतरतं.

खाडीत काय होतं ते आता. सर्वांत जास्त वेळा पंख्यात जाळं अडकतं. डोल जाळ्यांच्या खुंट्या आणि बोये दिसतात, पण तुटलेली नायलॉनची तंगूस दिसत नाही. ती पंखा आणि गिअर केसच्या मधल्या फटीत गुंडाळली जाते आणि रबरी सील कापते. लगेच काहीच कळत नाही. महिन्याभरानं गिअर ऑइल दुधी निघतं, तेव्हा कळतं की आत पाणी गेलं. म्हणून जाळं नुसतं चाकूनं कापून पुढे जाऊ नका. इंजिन बंद करा, किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, इंजिन वर उचला, कॉटर पिन (नट अडवणारी पिन) काढा, नट, वॉशर, पंखा सगळं उतरवा आणि शाफ्टवरचा शेवटचा धागा बोटानं चाचपून काढा. कॉटर पिन जुनी वाकवून परत घालू नये, स्टेनलेसच्या चार जवळ ठेवा. हे काम बोटीतूनच करा. चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत मगरी आहेत, कमरेएवढ्या पाण्यातही उतरायचं नाही.

दुसरी गोष्ट मागची पाण्याची धार. या इंजिनाला तापमानाचा काटा नाही, ती बारीक धार हाच काटा. दर काही मिनिटांनी मागे वळून बघायची सवय लावा. धार थांबली की लगेच इंजिन बंद करा. आधी पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा चिखल आहे का पाहा. मग धारेच्या भोकात बारीक तार घाला, कारण बऱ्याचदा पंप ठीक असतो आणि फक्त ते भोक तुंबलेलं असतं. नागपुरात पडून असलेल्या इंजिनाच्या त्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेव्हा पहिल्याच दिवशी धार आली नाही तर संशय तिच्यावर घ्या. तरीही धार नाही तर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, गेला. इंजिनाचा खालचा भाग चार बोल्ट काढून उतरतो. इम्पेलर बदलताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेनं फिरवत पंपाचा कप बसवा. हे काम एकदा घरी करून पाहिलेलं असेल तर किनाऱ्यावर पाऊण तासात होतं.

सुरू होऊन दोन मिनिटांनी बंद पडत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे. हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही आणि कार्बोरेटर उघडून बसतं. हातपंपाचा रबरी फुगा दाबूनही कडक होत नसेल तर नळीच्या कनेक्टरची ओ-रिंग हवा ओढते आहे. ओ-रिंगा, क्लिपा, 316 स्टेनलेसचे बोल्ट नागपूरच्या इतवारी बाजारात शोधले तर मिळतात. इम्पेलर आणि थर्मोस्टॅट मुंबईहून मागवावे लागतात.

इंजिन बोटीवरून सुटून पाण्यात पडलं तर वेळ फार थोडा असतो. बाहेर काढल्यावर हवा लागताच गंज सुरू होतो. चालू असताना बुडालं असेल, किंवा दोरी ओढताना आत वाळू घासल्यासारखं वाटत असेल तर ओढू नका. तसंच गोड्या पाण्यात बुडवून मेकॅनिककडे न्या. तसं नसेल तर गोड्या पाण्यानं धुवा, दोन्ही प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून दोरी वीसेक वेळा ओढा, कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, सिलेंडरमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल घाला, प्लग पुसून लावा आणि दोन-तीन तासांच्या आत इंजिन चालू करून अर्धा तास चालवा. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर बेअरिंग जातात.

हवामानाच्या बाबतीत 15 एचपीच्या मर्यादा स्पष्ट ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा याचा काळ. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, पाणी सपाट असतं. अकरानंतर खारे वारे सुरू होतात, आणि फेब्रुवारीपासून दुपारचा वायव्येचा वारा लहान बोटीला त्रास देण्याइतका वाढतो. सहाला निघून अकराच्या आत पोचायचं, हे वेळापत्रक सोडू नये. भरतीची वेळ नागपूरच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरूनही काढता येते: तिथीला पाऊण तासानं गुणा. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला जवळपास जुळतो, दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. खाडीत वर जाताना भरती पाठीशी घ्या, परतताना ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या भांगेला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) मंद. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांगेचे दिवस निवडावेत. वेग कमी मिळतो, पण ओहोटीत चिखलावर बसण्याची भीतीही कमी.

खाडीचं तोंड ही सगळ्यात वाईट जागा. तिथं वाळू साचून पाणी उथळ होतं. बाहेर पडणारी ओहोटी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाट उभी राहून फुटते. वारा नसतानाही हे होतं, कारण दुरून आलेल्या लांब अंतराच्या लाटा उथळ पाण्यात उंच होतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या समुद्र अंदाजात लाटेच्या उंचीसोबत दोन लाटांमधला सेकंदांचा आकडा असतो. उंची एक मीटरच्या वर किंवा हा आकडा 14 च्या पुढे असेल तर तोंडाबाहेर जाऊ नका, आत खाडीत फिरा. दाभोळ ते जयगड हा सुमारे 30 किलोमीटरचा उघडा समुद्र एकट्या 15 एचपीवर करू नये. दोन बोटी सोबत असाव्यात. पलीकडची शास्त्री-जयगड खाडी, जलमार्ग क्रमांक 91, तिचे 52 किलोमीटर रस्त्यानं जाऊन केलेले बरे. तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक फोनमध्ये हवा, आणि निघण्यापूर्वी बंदर कार्यालयात माणसं, बोट आणि परतीची वेळ सांगून ठेवा.

आता नागपूर. इथं अशी इंजिनं दिसतात ती बचाव पथकांच्या रबरी बोटींवर. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा अशाच बोटी रस्त्यांवर फिरल्या. ती इंजिनं गोड्या पाण्यातली. त्यामुळे 'वापरा, पुसा, ठेवा' ही इथली सवय त्यांना चालते, खाऱ्या पाण्यातून आलेल्या इंजिनाला चालत नाही. आतल्या वाटांमधलं खारं पाणी वाळून मिठाचे खडे होतात. नवतप्याच्या उन्हात पत्र्याखालचं गॅरेज भट्टी होतं, आणि ते मीठ सिमेंटसारखं घट्ट बसतं.

म्हणून कोकणात रोज संध्याकाळी आणि घरी आल्यावर एकदा पिंपात धुणं अटळ. पंखा काढून ठेवा, पाणी आडव्या पट्टीच्या वर येऊ द्या, आयडलवर 15 मिनिटं चालवा. पाच मिनिटं पुरत नाहीत. थर्मोस्टॅट गरम होऊन उघडल्याशिवाय पाणी हेडच्या वाटांत पोचतच नाही. बोअरचं जड पाणी टाळा, नळाचं वापरा. शेवटी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या आणि वाटीचा तळचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढा. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्याचे चार महिने वाटीत राहिलं तर पाणी तळाशी वेगळं होतं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक) हिरवट पडून बुजतो. उरलेलं मिश्रण पुढच्या सीझनला ठेवू नका.

प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, दोरी पाच-सहा वेळा ओढा. गिअर ऑइल बदलताना आधी खालचा स्क्रू काढा आणि मग वरचा. भरताना खालून भरा, वरच्या भोकातून येईपर्यंत, साधारण 250 मिली. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा. वरून ओताल तर आत हवा अडकते. झिंकचा अॅनोड (अॅल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) अर्धा झिजला की बदला आणि त्यावर रंग अजिबात लावू नका, रंगवलेला अॅनोड काम करत नाही आणि मीठ मग अॅल्युमिनियम खातं. इंजिन स्टँडवर उभं ठेवा आणि धारेच्या भोकात कापसाचा बोळा घाला, कुंभारणीसाठी.

इम्पेलर दरवर्षी बदला, चालला असो वा नसो. आठ महिने एकाच बाजूला वाकून रबर तसंच बसतं. ऑक्टोबरमध्ये बोळा काढा, नवं मिश्रण घाला आणि निघण्याच्या दहा दिवस आधी पिंपात एकदा चालवून धार बघा. दहा दिवस अशासाठी, की काही कमी निघालंच तर मुंबईचं पार्सल नागपुरात पोचायला वेळ हवा.