इगतपुरीचं १० दिवसांचं विपश्यना शिबिर: माझा रिव्ह्यू

नोकरी बरी चाललीये, घरचे खूश आहेत, पण आपल्याला नक्की काय हवंय तेच कळत नाहीये, अशा माणसाला कोणी ना कोणी विपश्यना नावाचं ध्यान सुचवतंच, मला मावशीने सुचवलं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात जाऊन आले, म्हणून सविस्तर लिहितेय.

फी शून्य. राहणं-खाणं आधी येऊन गेलेल्यांच्या दानातून होतं, आपणही दान द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर आणि मनात असेल तरच. गेल्यागेल्या मोबाईल, पुस्तकं, वही-पेन जमा. पहाटे ४ ला घंटा, ११ ला जेवण, ५ ला चहा आणि थोडंसं खाणं, रात्रीचं जेवण नाही. जेवण साधं, गरम, मला तरी भुकेचा त्रास झाला नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, शिकवतात आणि मग रोज ३ वेळा तासभर अधिष्ठान, म्हणजे डोळे मिटून हात-पाय न हलवता बसायचं. गुडघे नुसते ठणकतात.

पण खरी गोष्ट मौनाची. कोणाशी बोलायचं नाही, खाणाखुणासुद्धा नाहीत, आणि त्या शांततेत मला सगळ्यात जास्त काय ऐकू आलं तर दुसऱ्यांचे पगार! कॉलेजातल्या मैत्रिणीचा बाणेरचा फ्लॅट, जाऊबाईंची युरोप ट्रिप, ज्युनिअरला मिळालेलं प्रमोशन, एकेक आठवलं की छातीत आवळून यायचं, तिथे त्याचं काही करायचं नसतं, फक्त बघत राहायचं, आणि बघता बघता ते सुटायचं. असं कितीतरी वेळा झाल्यावर लक्षात आलं की यातलं निम्मं मला हवंच नव्हतं, दुसऱ्याकडे आहे म्हणून हवं होतं.

रोज संध्याकाळी, ही शिबिरं ज्यांनी सुरू केली त्या गोएंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन असतं, दिवसभरातली माझी सगळ्यात आवडती वेळ. ते स्वतः ब्रह्मदेशातले यशस्वी उद्योजक, मायग्रेनने बेजार, १९५५ मध्ये ध्यान शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले तर नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर नको म्हणून त्यांनी आधी नकारच दिला. हे ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, एवढी मोठी नोकरी सांभाळून ऑफिसातल्या लोकांना ध्यान शिकवायचे. हे ऐकून मला फार धीर आला, म्हणजे सगळं सोडून कुठे डोंगरावर जायची गरज नाही.

करिअर बदलायचं का, लग्न करायचं का, असल्या कोणाच्याच प्रश्नाचं उत्तर मात्र तिथे कोणी देत नाही. मीही नोकरी सोडलेली नाही. पण शनिवारी सिन्नरला बाबांसोबत शेतावर जायचं असतं तेव्हा ऑफिसला सरळ नाही म्हणते, अप्रेझलमध्ये त्याने काय होईल ते होवो, आणि माझं बरं चाललंय हे आता मनापासून म्हणू शकते.

मनाच्या आजाराची ट्रीटमेंट चालू असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा आणि डॉक्टरांना विचारूनच जा. नाव लवकर नोंदवा, जागा पटापट भरतात. पावसाळ्यात जात असाल तर कपड्यांचे जास्तीचे जोड घ्याच, इगतपुरीच्या पावसात काही म्हणजे काही वाळत नाही. शाल, छत्री आणि साधं घड्याळ पण घ्या.