मोरिओका ते न्युतो : हाचिमानताईचा घाटरस्ता आणि त्यावरची गरम पाण्याची कुंडे

उत्तर जपानातल्या तोहोकू भागात, इवाते आणि अकिता या दोन प्रांतांच्या सीमेवर हाचिमानताई हे ज्वालामुखींनी घडवलेले पठार आहे. ते ओलांडणारा ‘आस्पीते लाइन’ हा सुमारे २७ किलोमीटरचा घाटरस्ता हौशी मोटारचालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याची वाखाणणी होते ती बहुधा वसंतात दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या बर्फाच्या भिंतींसाठी, नाही तर शरदातल्या लालपिवळ्या उतारांसाठी. ती वाखाणणी रास्तच आहे. तरीही माझ्या मते या रस्त्याचे खरे वैभव गाडीच्या काचेतून दिसत नाही. थोड्याथोड्या अंतरावर इथे जमिनीतून येणाऱ्या पाण्याचा रंग, वास, चव आणि अंगावर होणारा परिणाम बदलत जातो, आणि तो बदल प्रत्यक्ष त्या पाण्यात उतरून अनुभवला तरच हा प्रवास पुरा होतो. म्हणून हे परीक्षण जितके रस्त्याचे आहे तितकेच त्यावरच्या कुंडांचेही आहे.

प्रवास मोरिओकाहून सुरू करावा. टोकियोहून शिनकानसेन या अतिजलद रेल्वेने तिथे पोहोचायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि स्टेशनाच्या आसपासच भाड्याने मोटारी मिळतात. भारतीयांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट अशी, की जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि आपल्या आरटीओकडून मिळणारा, १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथे चालतो. मात्र त्याच्यासोबत मूळ परवाना आणि पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. ६६० सीसीची छोटी मोटार स्वस्त पडते, पण चार माणसे आणि सामान घेऊन ती चढावर दमते, त्यामुळे थोडे पैसे जास्त मोजून एक पायरी वरची गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल. पेट्रोल खालीच भरून घ्यावे, कारण पठारावर पंप नाही. गाडीतल्या नकाशायंत्राला जपानी पत्ता सांगणे अवघड जाते. त्याऐवजी मुक्कामाच्या ठिकाणाचा दूरध्वनी क्रमांक दिला की ते बिनचूक नेऊन सोडते. दारू पिऊन गाडी चालवण्याविषयीचा कायदा इतका कडक आहे, की मद्य घेतलेल्या चालकाशेजारी जाणूनबुजून बसलेल्या प्रवाशालाही शिक्षा होऊ शकते.

मोरिओका सोडल्यावर बराच वेळ डावीकडे इवाते पर्वत सोबत करतो. २०३८ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी या प्रांतातला सर्वांत उंच डोंगर आहे. घाट सुरू झाला की बीच वृक्षांची जंगले लागतात, आणि त्यांच्यावरच्या टप्प्यात, उघड्या माळावर, काँक्रीटच्या रिकाम्या इमारतींची एक रांग दिसते. ही मात्सुओ गंधक खाणीच्या कामगारांची वसाहत. एके काळी ही पूर्व आशियातली सर्वांत मोठी गंधक खाण मानली जाई, आणि इथली शाळा, रुग्णालय व आधुनिक घरे पाहून लोक या वस्तीला ‘ढगांवरचे नंदनवन’ म्हणत. खनिज तेल शुद्ध करताना गंधक स्वस्तात हाती येऊ लागल्यावर खाणीचा व्यवहार आतबट्ट्याचा झाला आणि १९७०च्या आसपास सारे बंद पडले. खाणीतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी मात्र थांबले नाही. किताकामी नदी त्या पाण्याने लाल होत असे. ते निवळवण्याचे केंद्र १९८२पासून अखंड चालू आहे आणि पुढेही चालूच ठेवावे लागणार आहे. इमारतींच्या आत जाण्यास मनाई आहे, ती पाळावी. पण रस्त्याच्या कडेला थांबून हे पाहावे, कारण ज्या गंधकाच्या पाण्यात आपण थोड्या वेळाने आनंदाने बसणार आहोत, त्याच गंधकाची ही दुसरी बाजू आहे.

माथ्यावरची मिकाएरी खिंड साधारण १५४० मीटर उंचीवर आहे. तिथल्या वाहनतळावर पैसे भरून गाडी लावली, की १६१३ मीटरच्या हाचिमानताई शिखरापर्यंत सोपी पायवाट जाते. चढ जवळजवळ नाहीच, त्यामुळे वयस्कर मंडळीही सावकाश जाऊन येऊ शकतात. वाटेतल्या कागामीनुमा तळ्यात मेअखेर ते जूनच्या पूर्वार्धात बर्फ मध्यभागी आणि कडेने अशा रीतीने वितळते, की वरून पाहताना एक मोठा डोळा उघडल्याचा भास होतो. त्यासाठी त्या दिवसांत तिथे मोठी गर्दी होते. इतर वेळी पायवाट शांत असते.

खिंडीतून ‘जुकाई लाइन’ या दुसऱ्या रस्त्याने दोनएक किलोमीटर खाली उतरले की तोशिची ओन्सेन (ओन्सेन म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याचे स्नानस्थळ) लागते, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत मोलाचा थांबा आहे. सुमारे १४०० मीटर उंचीवरचे हे तोहोकूतले सर्वांत उंच ओन्सेन. सराई साधी, जुनी, लाकडी. हिवाळ्यात ती बंदच असते. तिच्या मागे झाडोरा नसलेला, राखी-तपकिरी, जागोजागी धुमसणारा उतार आहे आणि त्यात लाकडी चौकटी बसवून कुंडे केली आहेत. पाणी दुधी-करडे. पाण्याची भरणी नळाने होत नाही. तळाच्या फळ्यांच्या फटींतून गरम बुडबुडे थेट वर येतात, त्यामुळे एका जागी पाऊल पोळते आणि हातभर अंतरावर पाणी कोमट असते. आपल्याला मानवेल अशी जागा बसल्या बसल्या सरकत शोधावी लागते. तळाशी साचलेला बारीक गाळ लोक मुलतानी मातीच्या लेपासारखा हातापायांना चोळतात. वारा सुटला की वाफ आडवी पळते आणि क्षणभर समोरच्या डोंगररांगा मोकळ्या होतात. बाहेरची काही कुंडे स्त्रीपुरुषांसाठी सामाईक आहेत. ज्यांना ते रुचत नसेल त्यांच्यासाठी स्वतंत्र सोय आहे.

इथे थोडे शिष्टाचाराविषयी सांगणे आवश्यक आहे. ओन्सेनमध्ये सामान्यतः पोहण्याचे कपडे चालत नाहीत. बाहेर बसून अंग स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचे आणि हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. आपल्याकडच्या अनेकांना, विशेषतः कुटुंबासह गेलेल्यांना, विवस्त्र स्नानाचा संकोच वाटतो. तो स्वाभाविक आहे, पण तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि पाणी दुधी असल्यामुळे एकदा बसल्यावर प्रश्नच उरत नाही. दागिन्यांचे मात्र सांभाळावे. गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते, म्हणून जोडवी, पैंजण आणि चांदीच्या अंगठ्या खोलीवरच काढून ठेवाव्यात. ही सूचना मराठीतल्या प्रवासलेखनात मला फारशी आढळली नाही, आणि ती आधी मिळाली असती तर पुष्कळ जणींची हळहळ वाचली असती.

अकिता बाजूने उतरताना फुकेनोयु आणि गोशोगाके ही दोन ओन्सेन लागतात. फुकेनोयुची माळरानावरची उघडी कुंडे सुंदर आहेत, पण तोशिचीनंतर वेळ कमी असेल तर ती वगळली तरी चालतील. गोशोगाके वगळू नये. सराईच्या मागून जाणाऱ्या पायवाटेवर उकळता चिखल, वाफेची भोके आणि चिखलाचे छोटे ज्वालामुखी जवळून पाहता येतात; आखलेली वाट सोडणे धोक्याचे आहे आणि तसे फलकही आहेत. स्नानगृहात लाकडी खोक्यांची रांग आहे. त्यात बसून दार लावले की डोके तेवढे बाहेर राहते आणि खालून जमिनीची वाफ येते. घोड्यावरून यावे आणि जाताना आपल्या पायांनी चालत जावे, अशी या ओन्सेनची जुनी ख्याती सांगतात. जवळच्याच सुमिकावा येथे मे १९९७मध्ये भूस्खलन होऊन पाठोपाठ वाफेचा स्फोट झाला आणि दोन सराया नष्ट झाल्या. आधी दिसलेल्या खुणा ओळखून माणसे हलवली होती, म्हणून एकही जीव गेला नाही. हा डोंगर जिवंत आहे, याचे भान इथे प्रत्येकजण ठेवून असतो.

यानंतर ३४१ क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गाने तामागावा ओन्सेन गाठावे. इथे निसर्गाची शोभा दुय्यम आहे. ‘ओबुकी’ नावाच्या एकाच उगमातून मिनिटाला सुमारे ९००० लिटर पाणी बाहेर पडते. एका उगमातून इतके पाणी जपानात दुसरीकडे कुठेही येत नाही. तापमान ९८ अंश सेल्सिअस, आणि आम्लता इतकी तीव्र, की पीएच १.२च्या आसपास भरतो. त्यात मुख्यतः हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. उगमाखालच्या प्रवाहात लाकडी पन्हळी टाकून पाण्यातला पिवळट साका गोळा करतात. ‘होकुतोसेकी’ हा किंचित किरणोत्सारी खनिज दगड जपानात इथेच सापडतो, त्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे, आणि तो उचलण्यास अर्थातच मनाई आहे.

स्नानगृहात मूळ पाण्याचे आणि निम्मे साधे पाणी मिसळलेले अशी वेगवेगळी कुंडे आहेत. निम्म्या तीव्रतेच्या कुंडापासूनच सुरुवात करावी. दोन-तीन मिनिटांत कातडी चुरचुरू लागते, आणि आपल्याला कुठे ओरखडा आहे हे पाणीच दाखवून देते. ओल्या हाताने डोळे मुळीच चोळू नयेत. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुणे इष्ट. लहान मुलांना, गर्भवतींना आणि हृदयविकार असलेल्यांना घेऊन इथे स्नानाचा आग्रह धरू नये. बाहेरच्या उबदार खडकांवर चटई अंथरून, पांघरूण घेऊन पडून राहिलेली माणसे दिसतात. त्यांतले अनेकजण कर्करोगासारख्या गंभीर आजारांतून जात असतात आणि आठवडेच्या आठवडे इथे राहतात. या उपचाराने आजार बरा होतो असे मी म्हणणार नाही. औषधोपचारांची जागा तो घेऊ शकत नाही. पण तिथला समंजस शांतपणा पाहून मला मनापासून आदर वाटला. त्या भागात कॅमेरा पिशवीतच ठेवावा, मोठ्याने बोलू नये, आणि पडून राहिलेल्यांच्या वाटेत उभे राहू नये.

हेच पाणी पुढे तामागावा नदीतून वाहत जाते आणि त्याची कथा ताझावा तलावाशी येऊन भिडते. ४२३.४ मीटर खोलीचा हा जपानमधला सर्वांत खोल तलाव. वीजनिर्मिती आणि शेती यांसाठी १९४०मध्ये नदीचे आम्लयुक्त पाणी तलावात वळवले गेले आणि त्यातले मासे मेले. जगात केवळ इथेच असलेला ‘कुनिमासू’ हा मासाही नष्ट झाला. त्यापूर्वी त्याची अंडी इतर तलावांत पाठवली गेली होती, आणि २०१०मध्ये यामानाशी प्रांतातल्या साई तलावात तो जिवंत असल्याचे आढळले. आज तामागावाजवळ चुनखडीच्या साहाय्याने पाण्याची आम्लता कमी केली जाते, तरी तलाव अजून त्या माशाला परत घेण्याइतका सावरलेला नाही. त्याचा निळा रंग विलक्षण आहे, काठावरचा, दंतकथेतल्या तात्सुको या युवतीचा सोनेरी पुतळाही पाहण्याजोगा आहे. पण ही हकिकत ठाऊक असलेल्या माणसाला तो निळा रंग वेगळा दिसतो.

शेवटचा मुक्काम न्युतोचा. इथे जंगलात विखुरलेल्या सात सराया आहेत आणि मुक्कामी असलेल्यांना सर्व ठिकाणच्या स्नानाची एकत्र पुस्तिका विकत मिळते. त्यांतली त्सुरुनोयु सर्वांत जुनी. अकिताचे सातके सरदार सतराव्या शतकात इथे स्नानासाठी येत. शाकारलेल्या छपरांची बैठी इमारत, आत जमिनीतल्या चौकोनी चुलीवर शिजणारे जेवण, बाहेर दुधासारखे पांढरे कुंड, ज्याच्या तळच्या वाळूतून पाणी वर येते. छायाचित्रांमुळे हे ठिकाण फार प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे दिवसा नुसते स्नानासाठी येणाऱ्यांची वर्दळ असते. खोली मिळाली तर पहाटे उतरावे. न मिळाल्यास शेजारच्या कुरोयु किंवा मागोरोकुने समाधान होईल. मोरिओकाकडून न्युतोकडे हीच दिशा मी सुचवतो, कारण तीव्र आम्लयुक्त पाण्यानंतर सौम्य पाण्यात अंग निववावे अशी जपानी स्नानप्रेमींची जुनी रीत आहे, आणि या दिशेने गेल्यास ती आपोआप पाळली जाते.

शाकाहारींनी जेवणाची चौकशी खोली ठरवतानाच करावी. भाज्या भरपूर असतात, पण रस्सा बहुधा वाळवलेल्या माशाच्या अर्कावर केलेला असतो. एका सराईत आम्ही आगाऊ कळवूनही ताटात तोच रस्सा आला. तिथल्या बाईंनी लगेच भात, रानभाज्या आणि टोफू आणून दिले, तरी त्या दराच्या मुक्कामात ही चूक मला खटकली. अकिताचा भात मात्र उत्तम, आणि धुरावर वाळवून मग मुरवलेल्या मुळ्याचे ‘इबुरीगाक्को’ हे लोणचे तर आवर्जून घरी आणावे.

रस्ता साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद असतो, आणि उघडल्यानंतरही काही काळ रात्रीची वाहतूक थांबवतात. बर्फ पाहायचे असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध गाठावा. स्नान हा मुख्य हेतू असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडावा: सर्व सराया उघड्या असतात, हवेत गारठा असतो आणि माथ्यावरची झाडे रंगलेली असतात. अस्वलांचा वावर खरा आहे, म्हणून पायवाटांवर घंटा बाळगावी आणि संध्याकाळी एकट्याने भटकू नये. घाईने एका दिवसात हा मार्ग उरकणारेही असतात. मी किमान दोन मुक्काम सुचवेन, एक पठाराच्या आसपास आणि एक न्युतोला. गाडी ताझावाको स्टेशनाजवळ परत करता येते का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. दुसऱ्या गावी गाडी सोडण्याचे वेगळे शुल्क पडते, पण तिथून टोकियोची थेट शिनकानसेन आहे आणि ती तीन तासांच्या आत पोहोचवते.