तालुक्याच्या गावी छापून मिळणारे पाव्हलोव्स्की ग्रेनेडियर: संच कसा आहे आणि काय दुरुस्त करावं

रशियन साम्राज्याच्या पाव्हलोव्स्की ग्रेनेडियर रेजिमेंटचे बारा शिपाई, पायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर उंचीचे, करड्या रेझिनमध्ये छापलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गोळीचं भोक पडलेली उंच पितळी टोपी. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लग्नपत्रिका आणि बॅनर छापणाऱ्या दुकानात, आता रेझिनचं छपाईयंत्र, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशानं थराथरानं घट्ट करून वस्तू घडवणारं यंत्र, आलं आहे आणि हा संच मागणीप्रमाणे काढून मिळतो. बारा शिपायांना हजार-बाराशे रुपये. बाहेरच्या देशातून मागवलेल्या संचावर टपाल आणि जकात चढते, त्या मानानं हे स्वस्तच. शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी किंवा घरच्या कपाटासाठी घ्यावा का? घ्यावा. पण पायथ्याची पाटी बदलून घ्यावी आणि टोप्यांवर एक संध्याकाळ खर्च करावी.

आधी पाटी. दुकानदार पायथ्यावर अक्षरं छापून देतो: ‘लाइफ गार्ड पाव्हलोव्स्की, फ्रीडलँड १८०७’. लाइफ गार्ड म्हणजे सम्राटाचं खास सैन्य, फ्रीडलँड म्हणजे नेपोलियनविरुद्धची एक लढाई, आणि या एका ओळीत दोन वेगळे काळ एकमेकांत घुसले आहेत. १८०७ साली ही रेजिमेंट गार्ड नव्हतीच, ती साध्या सैन्यातली ग्रेनेडियर रेजिमेंट होती. १७९० साली मॉस्को ग्रेनेडियर म्हणून उभी राहिलेली मूळ तुकडी. सम्राट पाव्हेल पहिला १७९६ च्या नोव्हेंबरात गादीवर आला आणि त्याच महिन्यात त्यानं तिच्या दोन बटालियन वेगळ्या काढून आपल्या नावाची रेजिमेंट केली. गार्डचा दर्जा मिळाला तो १८१३ च्या एप्रिलमध्ये, नेपोलियनविरुद्धच्या मोहिमेतल्या कामगिरीबद्दल. म्हणजे फ्रीडलँड आणि लाइफ गार्ड हे शब्द एका पाटीवर बसत नाहीत.

दुसरी चूक शिपायाच्या पाठीवर आहे. नमुना ज्यानं घडवला त्यानं चौकोनी चामडी पिशवी दिली आहे, दोन्ही खांद्यांवर पट्टे आणि छातीवरून आडवा तिसरा पट्टा. ही पिशवी १८०८ नंतरची. त्याआधी रशियन शिपायाच्या पाठीवर एका पट्ट्यानं अडकवलेली गोल, नळकांड्यासारखी पिशवी असे. कोटाची बंद कॉलरही १८१२ च्या नव्या नमुन्याची आहे. तेव्हा हा शिपाई फ्रीडलँडचा नाही, १८१२ चा आहे, आणि १८१२ चा म्हणून तो चांगला घडवलेला आहे. १८१२ साली ही रेजिमेंट नेपोलियनच्या सैन्याशी क्ल्यास्तित्सीला लढली, तेव्हा पाटीवर ‘पाव्हलोव्स्की ग्रेनेडियर, क्ल्यास्तित्सी १८१२’ एवढं लिहून घेतलं की संच खरा ठरतो.

मग टोपीवरची भोकं कुठून आली? सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि संच विकत घेण्याजोगा होतो तोही याच टोपीमुळे. या टोपीला रशियन लोक ग्रेनेडर्का म्हणत. पुढे उंच पितळी पत्रा, मागे लाल कापड. ग्रेनेडियरला, म्हणजे हातबॉम्ब फेकणाऱ्या शिपायाला, बंदूक डोक्यावरून पाठीवर टाकावी लागे, रुंद काठाची टोपी त्यात अडकायची, म्हणून ही बिनकाठाची, असं तिच्या आकाराचं कारण सांगतात. १८०५ च्या सुमारास सम्राट अलेक्झांडर पहिल्यानं बाकी ग्रेनेडियरांना नव्या पद्धतीची दंडगोल टोपी, म्हणजे शाको, दिली. पाव्हलोव्स्कींकडे ती वेळेवर पोचलीच नाही, आणि १४ जून १८०७ ला फ्रीडलँडच्या लढाईत ते जुन्या टोप्या घालूनच उतरले. रेजिमेंटचा प्रमुख मेजर जनरल निकोलाय माझोव्स्की जखमी झाल्यावरही त्यानं शिपायांना आपल्याला उचलून रांगेच्या पुढे न्यायला लावलं, आणि तिथेच तो मारला गेला. त्या दिवशीच्या धैर्याबद्दल १८०८ साली हुकूम निघाला: टोप्या रणांगणावरून जशा आल्या तशाच ठेवायच्या. भोकं बुजवायची नाहीत, पत्रे बदलायचे नाहीत. ज्यानं ती लढाईत घातली होती त्याचं नाव पत्र्यावर कोरलं गेलं. साऱ्या सैन्यातून ही टोपी गेली, या एका रेजिमेंटकडे ती साम्राज्य संपेपर्यंत राहिली.

म्हणून १८१२ च्या शिपायाच्या अंगावरचा कोट नवा आणि डोक्यावरचं भोक पाच वर्षांचं जुनं. ते भोक पाडणारी गोळी बहुधा त्याला लागलेलीच नाही. टोपी दुसऱ्या कुणाची, त्याचं नाव पुढे कोरलेलं, आणि आता ती याच्या डोक्यावर. रंगवताना भोकाभोवती रक्ताचा लाल ठिपका देणारे बरेच जण असतात. तो देऊ नये. पत्र्यावर काळा डागही नको. हा पत्रा परेडचा होता, चिंचेनं घासून देव्हाऱ्यात ठेवलेल्या तांब्यासारखा लखलखीत रंगवावा, आणि त्या लखलखाटात तेवढं एक काळं टिंब राहू द्यावं.

आता छपाईतला दोष. बाराही टोप्यांवर भोक एकाच ठिकाणी आहे, पत्र्यावरच्या गरुडाच्या उजव्या पंखाखाली. एकच डोकं घडवून बारा वेळा चिकटवलं आहे, म्हणून असं झालं. शिवाय निम्म्या टोप्यांवर भोक बुजल्यासारखं दिसतं. कारण साधं आहे: यंत्राच्या पडद्यातून येणारा प्रकाश कडेला थोडा सांडतो, आणि इतक्या बारीक खळग्यातलं रेझिनही त्यामुळे घट्ट होतं. फाइलमध्ये भोक काढण्यापेक्षा छपाईनंतर हातानं पाडलेलं केव्हाही बरं.

माप असं. फ्रेंच बंदुकीची गोळी १६ मिलिमीटरच्या आसपासची होती. हा संच साधारण १:५६ प्रमाणात आहे, तेव्हा भोक ०.२९ मिलिमीटरचं हवं. एवढं बारीक ड्रिलचं पातं तालुक्याला मिळत नाही आणि मिळालं तरी पहिल्या झटक्यात मोडतं. मेडिकलमध्ये इन्सुलिनची ३० गेजची सुई मागा, तिची जाडी ०.३१ मिलिमीटर असते. शिपाई १:७२ प्रमाणात छापून घेतले असतील तर ३१ गेजची घ्या. आधी छापलेलं भोक रेझिनच्या थेंबानं बुजवा, टाचणीच्या टोकानं लावा, उन्हात सुकवा. मग टोपी साठेक अंश गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा, सुई उभी धरा आणि बोटांत फिरवत हळूहळू आत घाला. दाबू नका, दाबलं की पत्र्याचा वरचा शेंडा तुटतो. अर्धा मिलिमीटर खोली पुरते. बारापैकी चार टोप्यांना एक, तिघांना दोन, एकाला समोरून शिरून मागच्या लाल कापडातून बाहेर पडलेलं, आणि बाकी चार कोऱ्या ठेवल्या तर रांग जिवंत दिसते. कोरलेलं नाव दाखवायच्या फंदात पडू नका. मूळ अक्षर पाच मिलिमीटरचं धरलं तरी इथे ते ०.०९ मिलिमीटर होतं. वापरलेली सुई टोपण लावून, डब्यात बंद करूनच टाका.

दुसरा त्रास संगिनींचा. सहा शिपायांची बंदूक खांद्याला आहे, सहांची पुढे रोखलेली. ही दुसरी ठेवण मुद्दाम मागून घ्या, कारण संचलनात बंदूक अशी हल्ल्यासाठी रोखून चालण्याचा मान पुढे याच रेजिमेंटचा होता. पण रोखलेली संगीन म्हणजे नऊ मिलिमीटर लांबीची काडी, आणि ती मोडते. दुकानदार पार्सल एसटीनं पाठवतो आणि डब्यात कापूस भरतो. आपल्या भागात कापूस हाताशी असतो हे खरं, पण या कामाला तो चालत नाही. तंतू संगिनींना गुंडाळतात, आणि कापूस ओढून काढताना संगीन सोबत येते. पायथे दुहेरी चिकटपट्टीनं डब्याच्या तळाला चिकटवून, वर काहीही न भरता पाठवायला सांगा. मोडलीच तर गिटारची जुनी साधी तार, ०.४ मिलिमीटरच्या आसपासची, नऊ मिलिमीटर तोडून सुपरग्लूनं बसवा. ती मूळ संगिनीपेक्षा टिकते.

संगिनी वाकड्या येण्याचं कारण मात्र वेगळं, आणि ते उन्हाळ्याचं आहे. छापून धुतलेला शिपाई अतिनील प्रकाशात पक्का करावा लागतो. दुकानात त्याची पेटी आहे, पण लाईन गेली की शिपाई गच्चीवर उन्हात ठेवतात. ऊन चालतं, मे महिन्यातलं तर पेटीपेक्षा जोरात चालतं, पण ४५ अंशांत तापलेल्या स्लॅबवर कोवळी संगीन आधी वाकते आणि मग तशीच पक्की होते. वर तासभर विसरले तर रेझिन ठिसूळ होतं. उपाय काचेच्या बरणीचा: शिपाई पाण्यात बुडवून बरणी उन्हात ठेवायची, पाच मिनिटं एक बाजू, पाच मिनिटं दुसरी. पाणी उष्णता धरतं आणि हवेतला प्राणवायू पृष्ठभागापासून दूर ठेवतं, त्यामुळे चिकटपणाही राहत नाही. वाकलेली संगीन हाती आलीच तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवा, बोटानं सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा.

लाईनचा दुसरा परिणाम अंगावर दिसतो. शिपाई तिरपा ठेवून छापला तर टोपीसकट उंची ४० मिलिमीटरच्या घरात जाते. ०.०५ मिलिमीटरच्या थरानं ते ८०० थर, थराला नऊ सेकंद धरले तर दोन तास. एक शिपाई छापा की बारा, वेळ तेवढाच लागतो, कारण यंत्र अख्खा थर एकदम उजळतं. मध्येच वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला तर कमरेवर किंवा छातीवर आडवी रेघ उमटते. अशी रेघ घासून जात नाही, पट्ट्यांची नक्षीच निघून जाते. शिपाई बदलून मागा. इथला दुकानदार बदलून देतो, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. छापताना शिपायाला धरून ठेवणाऱ्या आधारकाड्याही तो टोपीच्या पितळी बाजूला लावत नाही, पाठीच्या पिशवीखाली लावतो. म्हणजे काम कळतं.

नाकाबद्दल एक गोष्ट. पाव्हेल सम्राटाचं नाक चपटं आणि वर उचललेलं होतं, आणि त्याच्या आठवणीखातर गार्डच्या काळात या रेजिमेंटमध्ये तशाच नाकाचे जवान निवडायची प्रथा होती. ते वाचून काही जण या शिपायांची नाकं कानस लावून बसवतात. १८१२ च्या शिपायाला त्याची गरज नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची परेड मांडायची असेल तर खुशाल करा, मग कोटही त्या काळचा हवा.

रंगासाठी पहाटेची वेळ धरा. दुपारी प्रायमरचा फवारा शिपायापर्यंत पोचायच्या आतच हवेत सुकतो आणि अंगावर रव्यासारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात उलट, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते. ॲक्रिलिक ब्रशवरच वाळत असेल तर स्टीलच्या ताटलीत ओलं सुती फडकं, त्यावर बेकिंग पेपर, आणि रंग त्यावर. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नका. कोटाला बाटलीच्या हिरव्यात थोडा काळा मिसळा. कॉलर, कफ आणि खांदापट्ट्या लाल, टोपीची मागची बाजू लाल. छातीवरचे आडवे पट्टे आधी फिकट राखाडी, मग फक्त वरच्या कडेला पांढरे, नाहीतर खडूनं रेघा मारल्यासारखे दिसतात. पितळाखाली तपकिरी थर द्या, सोनेरी थेट करड्यावर दिला तर हिरवट मरगळ येते. विजारीवर गुडघ्याखाली चामड्याचं आवरण घडवलं आहे, ते हिवाळी. क्ल्यास्तित्सीची लढाई जुलैअखेरची, पेटत्या पुलावरून नीश्चा नदी ओलांडताना झालेली, तेव्हा अंगात उन्हाळी पांढरी लिननची विजार असणार. आवरणाची बटणं कानसून सगळं बुटापर्यंत पांढरं करा. त्याच वर्षी बोरोदिनोच्या लढाईत उतीत्सा गावाजवळ लढलेल्या रेजिमेंटच्या मुख्य तुकड्या दाखवायच्या असतील तर तीच विजार धुळकट करा.

रेझिनचा वास बंद खोलीत कोंडू देऊ नका, आणि ओल्या रेझिनला उघडा हात लावू नका, कातडीला ॲलर्जी जडते ती सहसा जात नाही. पक्का झालेला शिपाई मुलांच्या हातात द्यायला हरकत नाही, फक्त संगीन टोचते.

ऑर्डर देताना फोनवर सांगून भागत नाही, रशियन नावांचा गोंधळ होतो. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा: पाटीचा मजकूर, रोखलेल्या बंदुकीचे किती शिपाई, थर ०.०५ चा की ०.०३ चा, टोप्या बिनभोकाच्या, डब्यात कापूस नको. थर ०.०३ चा मागितला तर वेळ सव्वातीन तासांच्या वर जातो आणि दुकानदार त्याचे वेगळे पैसे लावतो. पत्र्यावरचा दुतोंडी गरुड त्यात खरोखर उठून येतो, बाकी अंगावर फरक डोळ्यांना दिसत नाही.