कमोडोर ६४: जोडणी आणि पहिली सुरुवात
१९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची जोडणी आजही वाखाणण्याजोगी सोपी वाटते. सारे यंत्र कळफलकाच्या आतच सामावलेले असल्यामुळे विजेचा अडॅप्टर लावायचा, केबल टीव्हीला जोडायची, योग्य चॅनल जुळवायचा आणि उजव्या बाजूचे बटण दाबायचे, एवढेच काम उरते. काही क्षणांत निळ्या पडद्यावर ३८,९११ बाइट मोकळे असल्याची सूचना (६४ किलोबाइट स्मृतीपैकी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वाट्याला एवढेच येतात) आणि ‘रेडी’ हा शब्द उमटतो. बेसिक भाषा रॉममध्येच, म्हणजे यंत्रातील कायमस्वरूपी स्मृतीतच, असल्याने लगेच आज्ञा लिहिता येते आणि या तत्परतेसाठीच जुन्या यंत्रांची आवड असलेल्यांना मी ते आवर्जून सुचवेन. कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड करताना मात्र कित्येक मिनिटे थांबावे लागते.