प्रिव्हेंट कॅल्क्युलेटर: हिस्पॅनिक पेशंटसाठी जुन्यापेक्षा नक्कीच बरं

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या क्लिनिकमध्ये काम करते, आमच्याकडे येणारे बरेचसे डॉमिनिकन नाहीतर पोर्तो रिकन, थोडे मेक्सिकन, म्हणजे हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलुखातले), त्यामुळे हार्टचा धोका काढायचं हे फुकट ऑनलाइन कॅल्क्युलेटर त्यांच्यासाठी कसं आहे तेवढंच सांगते.

आधीचं 2013 चं होतं ना, त्यात विचारायचे गोरे, आफ्रिकन अमेरिकन की इतर. आता डॉमिनिकन माणसाने काय टिक करायचं? त्यांच्यात आफ्रिकन वंशाचा वाटा सरासरीने बराच असतो, मेक्सिकन लोकांत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा जास्त, आणि कागदावर दोघंही हिस्पॅनिक! 'इतर' टिक केलं की गोऱ्यांचंच सूत्र लागायचं. वय 55, टोटल कोलेस्टेरॉल 213, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 50, वरचं बीपी 120, शुगर नाही सिगरेट नाही, अशा बाईचा दहा वर्षांचा धोका गोरी म्हटलं तर 2.1 टक्के आणि आफ्रिकन अमेरिकन म्हटलं तर 3.0, रिपोर्ट तेच, बाई तीच. कोणी 7.5 टक्क्यांच्या आसपास असेल तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायचं औषध) सुरू करायचं की नाही हे त्या एका टिकवर फिरायचं, मला हे कधीच पटलं नाही.

2023 च्या प्रिव्हेंटमध्ये तो रकानाच काढलाय. वय 30 पासून चालतं, किडनीचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) मागतं, हार्ट फेल्युअरचा धोकाही दाखवतं, आणि झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) टाकला तर वस्तीची परिस्थिती पण धरतं, तो जरूर टाका, कारण जीन्सच्या नावावर खपवलेलं बरंच काही खरं तर राहणीमान आणि औषधपाण्याचं असतं असं माझं ठाम मत आहे.

कमी काय, तर सगळे हिस्पॅनिक एकच धरले जातात. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगोतल्या 16,415 जणांच्या मोठ्या अभ्यासात पोर्तो रिकन लोकांत बीपी, शुगर, सिगरेट वगैरे एकत्र असण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं, म्हणून कुटुंब कुठलं, घरात कोणाला अटॅक आला होता का हे मी तोंडी विचारतेच. आणि हो, प्रिव्हेंटचे आकडे जुन्यापेक्षा साधारण कमीच येतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करून धोका कमी झाला म्हणू नका.

आपल्या लोकांसाठी पण यात वेगळं काही नाहीये, 2018 च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा मुद्दा धरलाय, तो डॉक्टरांना आपणच सांगायचा.